कायद्याची प्रत

छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत सरकारी ग्रंथालयाला धाडायची, असा कायदा. छापखानेवाले शाईमामा तो इमानेइतबारे पाळायचे. फक्त धाडायची ती बिघडलेली प्रत. "तिथे कोण मरायला वाचतंय?" म्हणत तिरकी कापलेली, डागाळलेली प्रत ते पाकिटात कोंबायचे. चाळीस वर्षांत सरकारला त्यांनी एकही धड पुस्तक मिळू दिलं नाही.

मग अक्काच्या, म्हणजे थोरल्या बहिणीच्या पुस्तकाला वाळवी लागली. अक्का सुईण. तिच्या आठवणींच्या दोनशे प्रती मामांनीच छापलेल्या. उरलेल्या गठ्ठ्याचा घरात भुसा झाला, वाटलेल्यांचा पत्ता लागेना. अक्काचे डोळे गेले होते, आता आठवणही चालली होती. शेवटचं प्रकरण तिच्या लेकीचं, अकरा दिवस जगलेल्या.

"तिचं तोंड आठवत नाही रे," ती रोज म्हणायची. "त्यात लिहिलंय. मी जायच्या आत वाचून दाखव."

दोन गाड्या बदलून मामा ग्रंथालयात पोचले. तिथल्या बाईंनी दहा मिनिटांत पुस्तक पुढ्यात ठेवलं.

"एकतीस वर्षांत हे मागणारे तुम्हीच पहिले. बाहेर नेता येणार नाही. पण खोलीत कुणी नाही, इथूनच फोनवर वाचा."

फोन लागला. मामांनी प्रकरणाचं पहिलं पान वाचलं, उलटलं. समोरची दोन्ही पानं कोरी. घडी घालून शेवटची सोळा पानं व्हायची तो मोठा कागद एकाच बाजूने छापला गेला होता. म्हणूनच तर ही प्रत इथे आली होती. दोन पानं मजकूर, दोन कोरी, असं पार शेवटपर्यंत.

फोनवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "दुसरी प्रत?"

"कायद्याने एकच येते, काका."

पुस्तक त्यांनी स्वतः जुळवलेलं. पण शिशाचे खिळे जुळवणारा अक्षरं बघतो, मजकूर नव्हे. एक ओळ आठवेल तर शपथ.

"झोपलास का रे मेल्या?" अक्का ओरडली. "पुढे?"

मामांनी कोऱ्या पानावर बोट टेकवलं. "डोळे... टपोरे होते तिचे. तुझ्याकडे टकामका बघायची."

पलीकडे अक्काचा आवाज फुटला, "मला बघितलं होतं तिनं?"

"तूच लिहिलंयस ना."

"बघितलं होतं! वाच, वाच पुढे."

मामांनी पान उलटलं. इथली छपाई ठसठशीत होती: 'अकरा दिवसांत तिने डोळे एकदाही उघडले नाहीत.'

"आणखी काय करायची रे ती?" अक्का विचारत होती. "वाच ना."