दाजींचा नवा पंप

खरं तर ते फक्त गॅरेजवाल्याचे दाजी. गॅरेजवाला त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. पण तो दिवसभर गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "दाजी, ओ दाजी!" अशा हाका मारायचा, त्यामुळे हळूहळू दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत ते सगळ्यांचेच दाजी झाले. एवढे मेहुणे असलेला माणूस दुसरीकडे कुठे सापडायचा नाही.

दाजींचा स्वतःचा ट्रक होता. कारखान्यातून फरश्या उचलायच्या आणि डोंगरापलीकडच्या दुकानांत पोचवायच्या, हा त्यांचा धंदा. ट्रक जुना, पण दाजी त्याला असा पुसायचे की नवऱ्या मुलीनं लाजावं. त्यांची बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. उरलेल्या निळ्या कापडाचे पडदे तिने केबिनला लावले होते, त्यामुळे लांबून बघितलं की ट्रक शाळेलाच निघालाय असं वाटायचं. घरात पुढच्या खोलीत एका भिंतीला तिचं शिलाई मशीन आणि समोरच्या खिडकीत दाजींचे नट-बोल्ट. स्वयंपाकघरात मात्र दाजींना फक्त जेवायला प्रवेश. पीठ चाळायची चाळणी एकदा त्यांनी डिझेल गाळायला नेली होती, तेव्हापासून.

ट्रकला त्यांच्याशिवाय कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मेहुण्याचं गॅरेज दारातून दिसत होतं, तरी दाजी तिथून फक्त पाना मागून आणायचे. "तू हातात खुळखुळा घेऊन फिरायचास तेव्हापासून मी ट्रक चालवतोय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गॅरेजवाल्याचे पुढचे केस आता पांढरे व्हायला लागले होते, पण खुळखुळा काही सुटला नव्हता.

तर झालं असं, की ट्रकचा डिझेल ओढणारा पंप जुना होऊन गेला. टाकीतलं डिझेल ओढून इंजिनापर्यंत ढकलायचं, एवढंच त्याचं काम. पण तेच थांबलं तर ट्रक म्हणजे फरश्या ठेवायचं कपाट. मूळ कंपनीचा पंप घ्यायचा सोडून दाजींनी दुसऱ्याच कंपनीचा, विजेवर चालणारा, जास्त ताकदीचा पंप आणला. सोबत प्रेशर दाखवणारं एक गोल मीटरही आणलं आणि स्टीअरिंगच्या शेजारी बसवलं.

"दाजी, मी बसवून देतो. अर्ध्या दिवसाचं काम," मेहुणा म्हणाला.

"तू पाना दे," दाजी म्हणाले.

पंप बसला. घरासमोर इंजिन चालू केलं, मीटरचा काटा ताडकन उठून उभा राहिला. दाजींनी अख्ख्या गल्लीला केबिनमध्ये बोलावून तो काटा दाखवला. गल्लीतल्या शिंप्याने तर दोनदा पाहिला, म्हणजे त्याला दोनदा पाहायला लावला.

पण पहिल्याच भरलेल्या फेरीला, डोंगराच्या चढावर काटा हळूहळू खाली यायला लागला. पंपाची घरघर वाढली आणि ट्रक दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा खोकायला लागला. दाजींनी बाजूला घेतला, खाली उतरले, टाकीत काठी घालून डिझेल किती आहे ते बघितलं, चहा प्यायले. परत चालू केला तर काटा पुन्हा ताठ! पुढच्या चढाला पुन्हा तेच.

घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, "डिझेलमध्ये भेसळ आहे." कारण टाकी काठोकाठ भरली की काटा आणखीच लवकर पडत होता. डिझेल भरणाऱ्याकडे जाऊन त्यांनी पारदर्शक बाटलीत डिझेल घेतलं, उन्हात धरलं आणि त्याच्यासमोरच भुवया उंचावल्या. बाटलीत डिझेलशिवाय काहीच दिसेना. तरीही दाजी त्याच्याशी भांडले आणि लांबच्या डिझेल पंपावर जायला लागले.

मग फिल्टर बदलला. काटा पडला. मग मीटरच खोटं बोलतंय म्हणून मीटर बदललं. नवा काटाही इमानदारीत पडला. पंपाला वीज नीट पोचते का ते बल्ब लावून पाहिलं, बल्ब झकास पेटला. शेवटी पंप काढून दुकानदाराकडे नेला. दुकानदाराने टेबलावर चालवून दाखवला. पंप ठणठणीत.

"अहो, एकदा भावाला दाखवा ना," बायको टीप मारता मारता म्हणाली.

"दाखवतो. त्याच्या समाधानासाठी."

मेहुणा ट्रकखाली शिरला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. "दाजी, टाकीपासून पंपापर्यंतचा रबरी पाइप वाळलाय. डिझेलबरोबर हवा ओढतोय. सोपं आहे." त्याने नवा पाइप घातला, क्लिपा आवळल्या आणि हात पुसत असा हसला, की दाजींना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी चढावर काटा पडला. इतका आनंद दाजींना ट्रक घेतला त्या दिवशीही झाला नव्हता. संध्याकाळी घरी न जाता ते आधी गॅरेजसमोर थांबले. "सोपं होतं म्हणालास ना?" त्यांनी खिडकीतून विचारलं. मेहुण्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, आणि दाजींनी तो पोटभर बघितला.

यानंतर दाजींनी नवा सिद्धांत मांडला: ट्रकला आता वयोमानाने विश्रांती लागते. म्हणून ते तासाभराने थांबायला लागले. दर थांब्याला चहा. त्यामुळे सकाळी निघालेल्या फरश्या दिवेलागणीला पोचू लागल्या, आणि दुकानदार कुरकुरू लागले.

अशातच बायकोला डोंगरापलीकडे बहिणीकडे जायचं होतं, म्हणून ती ट्रकमधून गेली. परत आल्यावर ती तडक भावाच्या गॅरेजमध्ये जाऊन बसली.

"तुझे दाजी प्रवास करत नाहीत रे, चहाच्या टपऱ्या मोजतात. पाय आखडले माझे."

"पण ताई, थांबलं की ट्रक खरंच सुधारतो?"

"सुधारतो बाबा."

"थांबल्यावर दाजी काय काय करतात?"

"करणार काय? उतरले की आधी टाकीचं झाकण उघडून काठी घालतात. डिझेल चोरीला जाणार असल्यासारखी तपासणी. ते झाकण उघडलं की आताशा असा सुस्स करून आवाज येतो! मी म्हटलं, बघा, ट्रकसुद्धा सुस्कारे टाकायला लागला तुमच्या नावाने."

मेहुण्याने हातातला पाना खाली ठेवला. "बाहेर फुस्स होतं की आत ओढल्यासारखं?"

ताईने विचार केला. "आत. काठीला गुंडाळलेलं फडकं टाकीच्या तोंडाकडे ओढलं गेलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फरश्या भरलेला ट्रक तिघांना घेऊन चढाला लागला. टाकीचं झाकण काढून तोंडाला नुसतं कापड बांधलं होतं. दाजी घुश्श्यात होते. "झाकणाचा आणि पंपाचा काय संबंध?"

"दाजी, बाटलीला तोंड लावून पाणी ओढत राहा, हवा आत जाऊ देऊ नका. काय होईल?"

"ओठ अडकतील."

"तुमच्या पंपाचे ओठ अडकतायत."

चढ सुरू झाला. काटा हलला नाही. पुढचं वळण झालं, त्याच्या पुढचं झालं. काटा जागचा हलेना आणि दाजींची नजर काट्यावरून हलेना. डिझेल संपत जातं तशी टाकीत हवा जायला वर एक बारीक नळी असते. ती बंद झाली होती, म्हणून झाकण उघडेपर्यंत डिझेल अडायचं; टाकी काठोकाठ असली की आत हवा थोडी, म्हणून आणखी लवकर. नळी कुठे बंद झाली, एवढंच आता शोधायचं राहिलं.

डोंगरमाथ्यावर ट्रक थांबवून मेहुणा खाली शिरला. नव्या पंपाला धरून ठेवणारी लोखंडी पट्टी दाजींनी सगळा जोर लावून आवळली होती, आणि ती हवेची नळी त्याच पट्टीखाली चेपून चपटी झाली होती. मेहुण्याला हसू फुटलं. असा दिवस यावा म्हणून त्याने किती वर्षं वाट पाहिली होती! पण हसता हसता त्याला आपण बदललेला पाइप दिसला. त्या पट्टीपासून वीतभरावर. पाइप घालताना तिथेच नाक घासत तो पडला होता.

तो बाहेर आला. "दाजी, तुम्हीच बघा एकदा."

दाजी खाली गेले. बराच वेळ फक्त त्यांचे पाय दिसत होते.

"झोपलात का?" ताईने विचारलं.

"पट्टी जरा जास्त आवळली गेलीय," खालून आवाज आला.

"कोणी आवळली?"

"तुझ्या भावाला पाइप घालताना ती दिसली नाही का, ते विचार आधी!"

"नाही दिसली, दाजी," मेहुणा म्हणाला. "शपथेवर. समोर होती आणि नाही दिसली."

दाजी बाहेर आले. गालावर काळा पट्टा, केसांत माती. त्यांनी मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्याने त्यांच्याकडे, आणि मग दोघंही असे खदखदून हसले की मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने थांबून काही लागतंय का म्हणून विचारलं. ताईला मात्र हसू येत नव्हतं. तिचं म्हणणं होतं की तिचे पाय अजून दुखतायत.

नळी पट्टीबाहेर काढून तिथेच नीट बांधली. झाकण घट्ट लावून ट्रक डोंगर उतरला, पुढचा चढही चढला, आणि फरश्या दुपारच्या आत पोचल्या. जवळच्या डिझेल पंपावर दाजी पुन्हा जायला लागले. माफी वगैरे काही मागितली नाही. टाकी काठोकाठ भरून घेतली आणि भरणाऱ्याच्या मुलीच्या शाळेची इतकी चौकशी केली, की तो बिचारा घाबरला.

मेहुण्याला ट्रकला हात लावायची परवानगी आता आहे, पण दाजी शेजारी उभे असतील तरच. त्याचं कौतुकही ते करतात, मात्र तो ऐकण्याच्या टप्प्यात नसताना. परवा कारखान्यात फरश्या भरताना एका ड्रायव्हरने त्यांना चांगला मेकॅनिक विचारला. दाजींनी आधी इकडेतिकडे पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आमचा मेहुणा आहे. हात सोन्याचा. फक्त त्याला मी सांगितलं म्हणून सांगू नका."