गाण्याऐवजी शाल-श्रीफळ

इथे परदेशात, टूनगॅबी उपनगरातल्या आमच्या शेजारीणबाई इटालियन. तरुणपणी तिकडे त्यांच्या पॉप आणि सोल गाण्यांच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. मग आवाज बसला, गाणं सुटलं. मंडळाच्या गणेशोत्सवात गायला मीच त्यांना गळ घातली. दोन महिने त्यांनी रोज सराव केला.

त्या दिवशी भाषणं लांबली, आरतीची वेळ झाली. मी माझ्या मुलीचा नाच ठेवला आणि त्यांचं गाणं गाळलं. स्टेजवर बोलावून नुसतं शाल-श्रीफळ दिलं. नारळ सांभाळत त्यांनी विचारलं, “आता गाऊ?”

“सॉरी, वेळ संपला.”

“नो वरीज,” त्या म्हणाल्या.

गाडीत मुलगी म्हणाली, “बाबा, माझा डान्स कट करायचा ना! मी तर दरवर्षी नाचते.”

“तेव्हा सुचलंच नाही गं,” मी म्हणालो.

सुचलं होतं.