सव्वादहाचा कागद

कॉलेजात सगळे त्यांना डिंककाका म्हणत, आणि डिंक तर त्या माणसाने कधी वापरलाच नव्हता. मैद्याची खळ ते स्वतः शिजवत. खासगी मेडिकल कॉलेजचा सूचनाफलक एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होता. कागद लावायचा, चारही कोपरे अंगठ्याने दाबायचे आणि खाली उजवीकडे पेन्सिलीने मुंगीएवढ्या अक्षरात वेळ लिहायची.

"कोण बघतंय हो काका?" टायपिस्टबाई चिडवायच्या.

"मी बघतो ना!"

त्या वर्षी शेवटच्या फेरीत एक जागा उरली. नियम असा, की सूचना दहा ते चार फलकावर हवी आणि चारला कार्यालयात हजर असलेल्यांत ज्याचे गुण जास्त त्याला जागा. प्रवेशाचं काम पाहणाऱ्या साहेबांची रीत निराळी. ते स्वतः टाचणीने कागद लावत, फोटो काढत आणि लगेच उतरवत. चारला मग आधीच ठरलेला एकच मुलगा हजर! बाईंना सगळं ठाऊक होतं, पण नोकरीच्या धास्तीने त्या मूग गिळून बसत.

यंदा साहेब फोनवर अडकले आणि कागद काकांच्या हाती पडला. काकांनी तो खळीने चिकटवला. फोटो झाल्यावर साहेब कोपरा उचकटायला गेले, तर नख तुटलं, कागद हलेना. मग बाईंकडून घाईने 'आज वसतिगृहात पाणी येणार नाही' अशी सूचना टाइप करून घेतली आणि काकांना ती त्या कागदावरच लावायला सांगितली. पाणी दिवसभर धो धो येत होतं.

साडेदहाला एका शिंप्याची मुलगी आली. हा तिचा प्रवेशाचा तिसरा प्रयत्न, आणि शेवटचा. यानंतर बापाच्या दुकानातलं मशीन होतंच. खिडकीवर तिला 'जागा नाही' म्हणून सांगितलं, तरी ती चारपर्यंत फलकासमोर बसून राहिली. जागा तिच्याहून कमी गुणांच्या मुलाला मिळाली. तिने तक्रार केली.

आठवड्याने चौकशी समिती आली आणि फलकासमोरच उभी राहिली. साहेबांनी ऐटीत फोटो पुढे केला.

"तू नीट पाहिलं नसशील," समितीतल्या बाई मुलीला म्हणाल्या.

"मॅडम, तो फलक मी साडेपाच तास वाचलाय. पाणी येणार नाही, एवढंच होतं त्यावर."

तेवढ्यात काका बादली आणि स्पंज घेऊन आले. कुणी बोलावलं नव्हतं. पाण्याची सूचना अजून फलकावरच होती. त्यांनी तो वरचा कागद ओला केला, काठ धरून अलगद सोलला. खालची सूचना जशीच्या तशी. कोपऱ्यात लिहिलं होतं: 'लावला १०.००. झाकला १०.१५, साहेबांच्या सांगण्यावरून.'

टायपिस्टबाईंच्या अंगावर काटा आला. ज्या मुंग्यांची त्यांनी इतकी वर्षं थट्टा केली, त्या आज सगळ्यांच्या तोंडावर खरं बोलत होत्या.

साहेब हसले. "पेन्सिलीचं काय, आज सकाळीही लिहिता येतं. झाकताना पाहिलं कुणी?"

काकांनी स्पंज पिळला. टायपिस्टबाई दोन हात अंतरावर उभ्या आहेत हे त्यांना माहीत होतं, पण त्यांनी मान वर केली नाही. बाईंच्या मनात आलं, या माणसाने स्वतःची नोकरी पणाला लावली आणि आपलं नाव मात्र घेत नाही! केवढा मोठा माणूस हा, आणि आपण त्याला डिंक म्हणत राहिलो.

"मी पाहिलं," टायपिस्टबाई म्हणाल्या. "पाण्याची सूचना मीच टाइप केली. सव्वादहाच्या जरा आधी. कॉम्प्युटरमध्ये वेळ आहे, बघा."

तिसऱ्या दिवशी नवी यादी निघाली. तिच्यात एकच नाव होतं, शिंप्याच्या मुलीचं. काकांनी खळ लावली, तीन कोपरे दाबले आणि बाजूला सरकले. चौथा बाईंनी दाबला.

"वेळ?" काकांनी पेन्सिल पुढे केली.

बाईंनी घड्याळ पाहिलं आणि वाकून लिहिली, मुंगीएवढ्या अक्षरात.