अण्णा आणि चुकीच्या टीमचे चार गोल

माझ्या सासऱ्यांनी स्वतःच्या नातीवर झालेल्या गोलला उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या.

एकाच गोलला नाही. चार गोलांना.

आज सकाळी साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये अण्णा गेले. झोपेतच गेले. तेव्हापासून फोन येतायत, "किती शांत माणूस होता हो!"

शांत? माफ करा, तुम्ही अण्णांना मॅच बघताना पाहिलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा कोल्हापूरहून आमच्याकडे बेसिंगस्टोकला आले. सहा महिन्यांचा व्हिसा. कोल्हापूर म्हणजे फुटबॉल, हे मला पुण्याच्या पोरीला लग्न ठरतानाच कळलं. आमच्या साखरपुड्याची तारीख अण्णांनी मॅचेस बघून काढली होती!

माझी मुलगी सायली तेव्हा सतराची, कॉलेजच्या मुलींच्या टीमची गोलकीपर. सीझनची पहिली मॅच, आमच्याच ग्राउंडवर. गाडीतून उतरताना मी अण्णांना सांगितलं, "आपला रंग मरून."

त्यांचा लांबचा चष्मा घरी डायनिंग टेबलवर राहिला. ती चूक माझी.

आणि समोरची टीमही मरूनच घालून आली. त्यांच्याकडे दुसरे शर्ट नव्हते, म्हणून आमच्या मुलींनी ढगळे पांढरे शर्ट चढवले.

हे अण्णांना कोणीच सांगितलं नाही. बायकांच्या गप्पांत मॅच बघायची नाही म्हणून ते एकटेच पलीकडच्या बाजूला जाऊन उभे होते.

समोरच्या टीमचा पहिला गोल झाला. अण्णांच्या टाळ्या.

मला वाटलं, काय ही खिलाडूवृत्ती! केवढा अभिमान वाटला मला. चौथ्या गोलला त्यांनी टोपी उडवली, तेव्हा जरा शंका आली.

मॅच संपल्यावर सगळे पालक कार पार्कमध्ये. आमच्या गाडीची डिकी उघडी, थर्मासमधला चहा, चिवडा, आणि दोन्ही टीमचं पोस्टमॉर्टेम. डेव्ह, म्हणजे आमच्या टीमच्या सेंटर बॅक मुलीचा बाबा, म्हणाला, "They'll win the league. We'll finish bottom."

तेवढ्यात अण्णा आले. हसत.

"चार-शून्य! नाद खुळा! लई भारी खेळल्या आपल्या पोरी!"



सायली आली आणि तिने ग्लव्ह्ज डिकीत आपटले. डोळे लाल.

"आजोबा, तू त्यांच्या सगळ्या गोलला clap केलं. I saw you. मी टीम सोडते. I'm done."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "मरून आपलीच न्हवं?"

मी शर्टांची गोष्ट सांगितली. बिचारे डिकीच्या कडेवर बसलेच.

"आमच्याकडं हर पेठेची टीम, आन् पेठेचा रंग म्हंजे रंग. माणूस पेठ सोडंल, रंग सोडणार न्हाई. ह्ये शर्ट बदलायचं कुणी काढलं?"

मला वाटलं, आता हे रडणार.

तर म्हणतात, "चुकलं पोरी माझं. पण ऐक. सगळी मॅच मी त्यांच्या पोरी आपल्या म्हणून बघितल्या. आपल्या पोरांच्या चुका माणसाला लगेच दिसत्यात. कडेला माझ्या पुढ्यातनंच पळायच्या, बिनचष्म्याचं दिसलं. त्यांची डावी बॅक अर्ध्या तासात दमती. आणि ती नऊ नंबर, जिकडं मारायचं तिकडं आधी एकदा चोरून बघती."

डेव्हला मी भाषांतर करून सांगितलं. त्याने चहा खाली ठेवला आणि चक्क नोट्स घेतल्या!

सायलीने ढुंकूनही बघितलं नाही.

ग्लव्ह्ज मात्र अण्णांनी घरी आणले. पुढच्या शनिवारी बागेत उतरले, पायात चपला, आणि रिकाम्या कुंपणावर बॉल मारत बसले. तिच्या खिडकीकडे बघून ओरडायचे, "मी नऊ नंबर!"

दुसऱ्या शनिवारी कुंपणाची फळी मोडली. तिसऱ्या शनिवारी कार्टी वैतागून बाहेर आली.

"आजोबा, तू किती खराब मारतो!"

"मग अडीव की!"

झालं. तिने ग्लव्ह्ज चढवले, टीम सोडायचं राहिलंच. पाऊस असो, थंडी असो, बागेतलं गवत पार गेलं.

मार्चमध्ये त्याच टीमशी परतीची मॅच, त्यांच्या ग्राउंडवर. अण्णांचा व्हिसा संपायला आठवडा उरला होता. या वेळी चष्मा मी स्वतः त्यांच्या नाकावर बसवला. तरी त्यांनी सायलीला तीनदा विचारलं, "आज आपली कुठली?"

"जिथे मी उभी आहे ती, आजोबा."

दमलेल्या डाव्या बॅकच्या बाजूने आमचा गोल झाला. एक-शून्य. आणि शेवटच्या मिनिटाला त्यांना पेनल्टी.

मारायला कोण? नऊ नंबर.

अण्णांनी माझा हात असा धरला की बांगडी रुतली. "बघितलं! तिनं चोरून बघितलं!"

सायलीनेही ते बघितलं होतं. तिने झेप घेतली, आणि बॉल तिच्या पोटाशी.

मग अण्णांनी कोटाच्या खिशातून गुलालाची पुडी काढली. कोल्हापूरहून आणलेली, सहा महिने सुटकेसमध्ये जपलेली! सायली, मी, डेव्हचं टक्कल, रेफरीसुद्धा, सगळे गुलाबी. अण्णा नाचत होते आणि रडत होते.

लीग समोरच्या टीमनेच जिंकली, डेव्हचं तेवढं खरं ठरलं. पण अख्ख्या सीझनमध्ये ती टीम एकच मॅच हरली. आमच्याशी!

आता सायली ब्रिस्टलला युनिव्हर्सिटीकडून खेळते. गेल्या बुधवारी तिथला सीझन सुरू झाला. यंदा पुन्हा आमच्याकडे आलेले अण्णा तेव्हा हॉस्पिटलात होते; मॅच संपल्या संपल्या तिचा वॉर्डमध्ये फोन. अण्णांना धाप लागत होती, तरी म्हणाले, "आधी त्यांचं सांग."

तिने त्यांच्या अकरा जणींचं सांगितलं. मग म्हणाली, "आपण हरलो, आजोबा. तीन-एक."

"बरं झालं. परतीला बघू."

आज ती पहिल्या ट्रेनने आली. बेडजवळच्या खुर्चीत बराच वेळ त्यांचा हात धरून बसली. मग उठून उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. नर्स दारात थांबली. मी सायलीला अडवलं नाही. मीही उभी राहिले.

अण्णा, तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार.

आणि टाळ्या. या वेळी बरोबर माणसाला.