बुडालेल्या घराची नोकरी

आमचं घर धरणात बुडालं म्हणून मी तलाठी झालो.

मोऱ्याचं घर वाचलं म्हणून तो राईस मिलमध्ये पोती मोजत मेला.

मोऱ्या म्हणजे मोरेश्वर. माझा लंगोटीयार. आज त्याला जाऊन वर्ष झालं.

आज कोंढ्याच्या एका अभ्यासिकेत माझं भाषण ठेवलं होतं. बॅनरवर माझा फोटो आणि खाली 'मेहनतीच्या बळावर अधिकारी झालेले आपल्या मातीतले सुपुत्र'. तलाठ्याला अधिकारी केलं, तेवढं आपण चालवून घेऊ. बाकीचं चालवून घेणार नाही.

मी गेलो नाही. दुपारपासून पोरं मला टॅग करून विचारताहेत, सर का आले नाहीत. म्हणून लिहितोय.

मी आणि मोऱ्या एका गल्लीतले. पवनी तालुक्यातलं नदीकाठचं गाव. गल्ली नदीकडे उतरत जायची. आमचं घर खालच्या टोकाला, त्याचं वरच्या.

धरणाचं पाणी कुठवर येणार याची मोजणी झाली, तेव्हा साहेब लोकांनी गल्लीच्या मधोमध दगड रोवला आणि त्याला लाल रंग फासला. दगडाच्या खालचं सगळं जाणार, वरचं राहणार.

त्या दिवशी माझी आई चुलीपुढे बसून रडली. मोऱ्याच्या आईनं मारुतीपुढे नारळ फोडला. सगळं गाव त्यांना नशीबवान म्हणत होतं. आम्हीसुद्धा.

मोऱ्याचा बाप गवंडी. शेती नव्हतीच, त्यामुळे त्यांचं काहीच बुडालं नाही.

कागदावर.

आम्ही पुनर्वसनात निघून गेलो. मागून शाळा गेली, किराणा गेला, पिठाची चक्की गेली. घर बांधून घेणारं कोणी उरलं नाही, मग गवंड्याला काम कुठलं? मोऱ्याचं घर तेवढं उभं होतं.

आम्हाला मात्र प्रकल्पग्रस्ताचा दाखला मिळाला. घरातल्या एकाला सरकारी भरतीत वेगळी राखीव जागा.

तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास आम्ही दोघांनी मिळून केला. म्हणजे अभ्यास मोऱ्यानं केला, मी त्याच्या बाजूला बसलो. पुलावरून जाणाऱ्या रेल्वेचं गणित त्यानं मला इतक्या वेळा समजावलं की त्याची आई आतून म्हणाली, "अरे, आता जाऊ दे ना त्या गाडीले."

निकाल लागला. यादीत माझं नाव होतं.

"तुले किती पडले?" मी विचारलं.

"तुह्यापेक्षा अकरा जास्त."

"मंग तुह्यं नाव काहून नाही?"

"तुह्यं घर बुडालं ना बे," तो म्हणाला. "माह्यं उभं आहे."

आणि हसला.

आमचा प्रवर्ग एक, पेपर एक. पण दाखला नसलेल्यांची यादी मोऱ्याच्या मार्कांच्या थोडी वरच बंद झाली आणि प्रकल्पग्रस्तांची माझ्या मार्कांपर्यंत खाली उतरली. इतकी साधी गोष्ट आहे. दाखल्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. माझ्या आईचं घर गेलंय, त्याची ती भरपाई होती. पण तिला माझी मेहनत म्हणू नका.

पुढे मोऱ्या वय संपेपर्यंत परीक्षा देत राहिला. दिवसा मिल, संध्याकाळी पुस्तक. कधी एका मार्कानं हुकला, कधी भरतीच रद्द झाली, एकदा ऐन पेपरच्या दिवशी तापानं फणफणला. मग वय संपलं. गेल्या वर्षी मिलमध्येच छातीत कळ आली. भंडाऱ्याला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आज सकाळी त्याच्या घरी गेलो. फोटोला हार घातला, बसलो. त्याची मुलगी समीक्षा पाणी घेऊन आली. अकरावीत आहे.

मोऱ्याचा साळा तिला म्हणाला, "काकासारखा अभ्यास कर पोरी. तुह्या बाबानं मन लावलं असतं, तर तोही आज खुर्चीवर बसला असता."

पोरगी मान खाली घालून "हो मामा" म्हणाली.

ज्या सवयीनं म्हणाली, त्यावरून कळलं की हे ती पहिल्यांदा ऐकत नाहीये. वर्षभर हे लोक त्या पोरीला सांगताहेत की तुझा बाप आळशी होता. आणि पुरावा म्हणून मला दाखवताहेत.

माझं डोकं सणकलं. तिथल्या तिथे, साळ्याच्या देखत मी तिला सगळं सांगितलं. दगड, दाखला, अकरा मार्क.

"तुह्या बाबाएवढा अभ्यास मी जन्मात केला नाही," मी म्हणालो. "पास झालो ते त्यानं शिकवलं म्हणून. अन् नोकरी लागली ते घर बुडालं म्हणून."

साळा उठून बाहेर गेला. वंदना वहिनी, म्हणजे मोऱ्याची बायको, तोंडाला पदर लावून रडत होत्या. समीक्षानं बापाच्या फोटोवरचा हार सरळ केला. मला वाटलं, चला, पोरीच्या मनावरचं ओझं उतरलं.

मग ती माझ्याकडे वळली.

"मंग काका, मी अभ्यास कायले करून राहिली?"

चहा न घेताच निघालो.

एका पोरीला सांगता आलं नाही, ते हॉलभर पोरांना कुठल्या तोंडानं सांगणार होतो? म्हणून आलो नाही. आणि खाली 'सर, तुमचा संघर्ष प्रेरणादायी' असलं काही लिहू नका. डिलीट करीन.

मोऱ्या, तू असतास तर तिला पटेल असं काहीतरी सांगितलं असतंस. तुला समजावून सांगता यायचं.

मला नुसती नोकरी लागली.

पुष्कळ राबलास दोस्ता. आता आराम कर. भरल्या डोळ्यांनी तुला नमस्कार.