पेपरात आलेलं पाणी
पेपरच्या ताज्या शाईचा वास आला की सेनगावकडचा तो कोरडा नळ आठवतो. कॉलेजात असताना मी एका कंपनीच्या जनसंपर्क विभागात शिकायला गेले होते. कंपनीनं तिथल्या एका गावाला नळ दिला होता. बातमीचं पाकीट दुपारच्या एसटीनं परभणीला पेपरच्या कचेरीत जायचं, म्हणून साहेबांनी ‘नळाला पाणी, गावकरी आनंदले’ असं सकाळीच लिहून टाकलं. संध्याकाळी फीत कापली, तोटी फिरवली, तर नुसती हवा. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी तेच छापून आलं. पेपर वाटायला गावात गेलो, तर रिकामी घागर घेतलेली एक म्हातारी म्हणाली, “पोरी, पेपरात तर आमी पाणी पिऊन राहिलो. आता न्हाई म्हनलं तर कोन ऐकंल?” आता मी जनसंपर्क हाच विषय शिकवते. पोरं बातमी लिहून आणतात, तेव्हा एवढंच विचारते, “तोटी फिरवून पाहिली का?”