शेवटच्या खुंटीवरचा कोट

थेल्मा पिकर्सगिलला आयुष्यात एकदा, निदान एकदा, कुणाला तरी खरोखर घाबरवायचं होतं.

खरं तर आमच्या गार्सविकमध्ये हे जमायला हरकत नव्हती. डिसेंबरात दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडायला लागतो. समुद्रावरून धुकं निघतं, होड्यांच्या धक्क्यावरून गल्ल्यांत शिरतं आणि कड्यावरचा पडका मठ एकेक कमान करत पुसत नेतं. भुतांची याहून चांगली सोय कुठे होणार? पण भुताला समोर माणूस लागतो, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

थेल्माचं बंदराच्या उतारावर केस कापायचं दुकान. गावातल्या साठीपुढच्या झाडून सगळ्या बायकांचे केस तिच्याच हाताखालून जातात. दिवसभर ती रोलर लावते, ड्रायर फिरवते, कुणाच्या गुडघ्याचं आणि कुणाच्या सुनेचं ऐकून घेते. संध्याकाळी दुकान बंद केलं की तिच्या पुस्तकांत शिरते. एकाकी किल्ला, कुलूप लावलेली पश्चिमेकडची खोली, मेणबत्ती घेऊन जिना चढणारी नवी नवरी, भिंतीपलीकडून येणारा कुणाच्या तरी श्वासाचा आवाज. ही असली जाडजूड पुस्तकं ती वर्षभर जमवते आणि थंडीसाठी राखून ठेवते, जसं कुणी मुरांबा राखून ठेवतं. ख्रिसमसचे दिवे लागले की पहिलं पुस्तक उघडायचं.

दुकानाच्या काचेतही तिचा ख्रिसमस वेगळा. शेजारच्या बेकरीत कापसाचं बर्फ आणि लाल छातीचे चिमुकले पक्षी. थेल्माकडे काळ्या फितीत बांधलेली फरची फांदी, कागदी वटवाघळं आणि प्लास्टरची कवटी. कवटीवर लाल टोपी नॉर्मनने घातली होती. नॉर्मन म्हणजे तिचा नवरा, बस चालवून निवृत्त झालेला.

"लोक बिचकतात गं पोरी. टोपी असू दे," तो म्हणाला होता.

"बिचकावं म्हणूनच ठेवलीय ना कवटी!"

"मग टोपीने बिचकतील. मला तर टोपीचीच जास्त भीती वाटते."

गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय गं थेल्मा, हॅलोविन होऊन गेलं की!" तिचं उत्तर ठरलेलं होतं. हॅलोविन पोराटोरांचं, ख्रिसमस भुतांचा. जुनी माणसं या दिवसांत शेकोटीभोवती बसून एकमेकांना भुताच्या गोष्टी सांगायची. बाहेर काळोख, आत विस्तव आणि मधे गोष्ट, असा तो सण होता. तो नाच-गाण्यांचा आणि हरणं विणलेल्या स्वेटरांचा कधी झाला, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि म्हणायचं, "छान."

हा "छान" थेल्माचा खरा वैरी. आमच्याकडे सगळं छान असतं. हवा छान, केक छान. अंत्यविधीहून परतणारी बाई रुमाल घडी करत म्हणते, "छान झालं हो सगळं." दर वर्षी ख्रिसमसच्या आठवड्यात चॅपलच्या हॉलमध्ये दुपारचा कार्यक्रम होतो. चहा, फळांचा केक, केकवर आमच्या रीतीचा चीजचा तुकडा, गाणी, बक्षिसांची सोडत आणि थेल्माची भुताची गोष्ट. गोष्टीत गळे दाबले गेले, बायका भिंतीत चिणल्या गेल्या, बिनडोक्याचे पाद्री हिंडले. शेवटचं वाक्य संपलं की टाळ्या पडायच्या आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "छान होती हं."

तेसुद्धा गोष्ट शेवटपर्यंत पोचली तर. कधी चहाचा बंब ऐन वेळी शिट्टी घालायचा. कधी मिस्टर क्लेगचं कानातलं यंत्र किंचाळायला लागायचं आणि ते स्वतःच मोठ्याने विचारायचे, "कोण मेलं म्हणाली?" एका वर्षी भूत दार उघडत असतानाच मेविस टॅटरसॉलने ट्यूबलाइट लावले. कुणीतरी अंधारात अडखळेल म्हणून.

मेविस म्हणजे हॉलच्या समितीची अध्यक्ष, आणि थेल्माची शाळेपासूनची मैत्रीण. मैत्रीण म्हणायचं, कारण इतक्या वर्षांनंतर दुसरं काय म्हणणार? यंदा नोव्हेंबरात कपबशा पुसता पुसता मेविस म्हणाली,

"थेल्मा, वाईट नको वाटून घेऊस हं. पुढच्या वर्षी आम्ही त्या कीबोर्डवाल्याला बोलावतोय. जुनी गाणी म्हणतो तो. लोकांना पाय हलवायला बरं."

"आणि गोष्ट?"

"यंदा आहे ना गोष्ट! छान, मोठी सांग."

थेल्माने हातातली बशी पुसली, परत पुसली आणि फळीवर ठेवली. "बरं," ती म्हणाली. घरी येऊन मात्र तिने नॉर्मनपुढे कोट काढायच्या आधीच तोंडाचा पट्टा सोडला. पाय हलवायला! बसल्या जागी थिजून जावं म्हणून गोष्ट असते, आणि यांना पाय हलवायचेत!

"मग थिजव की," नॉर्मन म्हणाला.

म्हणून यंदा तिने पुस्तकातली गोष्ट घेतली नाही, स्वतः लिहिली. किल्ला काढून टाकला. नवरी, मेणबत्ती, पश्चिमेकडची खोली, सगळं काढलं. उरला तो आमचाच हॉल. हॉलबाहेरची कोट टांगायची चिंचोळी खोली आणि तिच्यातल्या पितळी खुंट्या. घरी जाताना प्रत्येकाला तिथूनच जावं लागणार होतं. हे सुचलं तेव्हा थेल्मा स्वयंपाकघरात एकटीच हसली.

कार्यक्रमाच्या दुपारी धुकं इतकं दाट होतं की खिडक्यांना कुणी चादरी लावल्यासारख्या वाटत होत्या. ट्यूबलाइटवरून मेविसशी घासाघीस झाली. शेवटी निम्मे बंद करायचे ठरले. बंब आधीच विझवला होता. मिस्टर क्लेगचं यंत्र थेल्माने स्वतः बसवून दिलं. डोक्यावर सणाचे कागदी मुकुट घातलेली, मांडीवर केकच्या बशा धरलेली सगळी मंडळी बसली आणि तिने वाचायला सुरुवात केली.

गोष्ट अशी होती. हॉलचा एक रखवालदार. कार्यक्रम संपले, माणसं आपापले कोट घालून गेली की तो दिवे मालवतो. दर ख्रिसमसला शेवटच्या खुंटीवर एक कोट उरतो. जाड, काळा, खलाशी घालतात तसा. ओला. खाली फरशीवर पाण्याचं थारोळं. रखवालदार तो विसरलेल्या वस्तूंच्या पेटीत टाकतो. पुढच्या ख्रिसमसला कोट परत खुंटीवर, परत ओला. कुणी न्यायला येत नाही. शेवटी एका वर्षी तो ठरवतो, आज दिवे मालवून दाराआड उभं राहायचं आणि कोट कोण नेतं ते बघायचंच.

हॉलमध्ये विणकामाच्या सुया थांबल्या. थेल्माला ते ऐकू आलं, कारण ती गेली कित्येक वर्षं तेच ऐकायला थांबली होती. कुणी बशी खाली ठेवली, अगदी हळू, आवाज होऊ नये म्हणून. मिस्टर क्लेगचं तोंड किंचित उघडं होतं. दोघीतिघींची नजर कोटांच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि परत आली. थेल्माने आवाज आणखी खाली आणला.

"आणि मग त्याला पावलं ऐकू आली. अनवाणी. ओली. बाहेरून नव्हे. हॉलच्या आतून..."

"थेल्मा, मधेच बोलते हं, सॉरी, सॉरी!" मेविस उभी राहिली. हातात सोडतीच्या चिठ्ठ्यांची बादली. "मिस्टर क्लेगची बस आहे, धुक्यामुळे लवकर सुटणार म्हणे. सोडत तेवढी उरकून घेऊ, आणि मग तू आरामात सांग."

दिवे लागले. सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, खिसे चाचपले, रंगीत चिठ्ठ्या बाहेर काढल्या. बिस्किटांचा डबा निळ्या चिठ्ठीला गेला. अननसाच्या डब्यावरून दोघांत वाद झाला, कारण एकीने चिठ्ठी उलटी धरली होती. थेल्मा हातात कागद धरून तिथेच उभी होती, आणि कुणी तिला बस म्हटलं नाही, कारण ती बोलणारी होती आणि बोलणारी उभीच असते.

"गुलाबी! गुलाबी कुणाकडे आहे? अगं थेल्मा, तुझीच आहे की! बघा, नशीब बघा हिचं!"

तिला लव्हेंडरची पावडर मिळाली. टाळ्या पडल्या.

"हं," मेविस खुर्चीवर टेकत म्हणाली, "आता शेवट सांग पटकन."

थेल्माने पावडरचा डबा टेबलावर ठेवला आणि कागदांची घडी घातली.

"शेवट नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"म्हणजे नाहीये."

"असं कसं? गोष्टीला शेवट असतोच गं."

"असतो. सोडतीनंतर नसतो."

कुणीतरी खोकलं. मेविसचे कान लाल झाले. "हे काही बरोबर नाही हं थेल्मा," ती म्हणाली. आमच्याकडे याच्यापुढे फक्त कोर्टच उरतं. शांतता पसरली, पण थेल्माला हवी होती ती ही नव्हे. आणि मग मागच्या रांगेतून, सवयीने, "छान होती तरी."

कोटांच्या खोलीत मंडळी हसत-खिदळत शिरली. "ए, शेवटचा कुणाचा आहे बघ रे! ओला आहे का?" बाहेर पडेपर्यंत विनोद पुरला.

घरी नॉर्मनने चहा पुढे केला. "मला वाच ना. मी ऐकतो."

"तू झोपशील."

"झोपेन. पण घाबरत घाबरत."

तिने वाचली नाही. घासलेलं पातेलं तिने परत घासायला घेतलं.

पुढचे चार दिवस तर त्याहून वाईट गेले. ख्रिसमसच्या तोंडावर दुकान भरलेलं, आणि येणारी प्रत्येकजण ड्रायरखालून ओरडून विचारायची, "कोण होतं गं ते?" एकीच्या मते रखवालदाराची बायको. एकीच्या मते कोटाच्या खिशात मृत्युपत्र. बेकरीवालीने पाद्रीबुवांवर पैज लावली. भुताचं कोडं होऊन बसलं होतं आणि गाव ते आनंदाने सोडवत होतं. थेल्मा दातांत पिना धरून रोलर गुंडाळत राहायची. आपण शेवट सांगितला असता तर निदान एकदा टाळ्या वाजून संपलं असतं, असं तिला वाटायचं. आणि सांगितला नाही तेच बरं, असंही वाटायचं. दोन्ही वाटणं सारखंच बोचायचं.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी पहिली वेळ मेविसची. ती येईल की नाही, शंका होती. आली. कोट टांगला, खुर्चीत बसली, मान मागे टाकून बेसिनच्या खाचेत ठेवली.

"रागावलीस अजून?"

"छे."

"रागावली आहेस. पाणी सोडतेस त्यावरून कळतं मला." मेविसने डोळे मिटले. मग म्हणाली, "कोण होतं ते सांग ना. मी कुणाला नाही सांगणार. मला उगाच आपलं... चुकल्याचुकल्यासारखं होतंय."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. रेडिओवर घंटांची गाणी चालली होती. थेल्माने साबणाच्या हातानेच तो बंद केला. मेविसचं डोकं तिच्या दोन्ही तळव्यांत होतं. ओलं, जड. ते डोकं आता उठून कुठे जाणार नव्हतं, सोडत काढणार नव्हतं, दिवे लावणार नव्हतं. कागदांची गरज नव्हती. ती कानाशी वाकली.

"पावलं खोलीत आली. अंधारात कुणीतरी खुंटीवरून कोट काढल्याचा आवाज झाला. रखवालदार दाराआड श्वास धरून उभा. त्याला वाटलं, आता तो कोट घालेल आणि जाईल. पण पावलं दारापाशीच आली. आणि थांबली. आणि अगदी अदबीने कुणीतरी म्हणालं, 'इथे आहात होय. बाहेर फार गारठा आहे हो. घाला.' आणि त्याच्या पाठीमागे कोट उलगडून धरला. रखवालदाराला म्हणायचं होतं, हा माझा नाही. पण आपल्यामागे कुणी कोट धरला की आपण काय करतो मेविस? हात मागे करतो. नको कसं म्हणायचं? त्याने हात मागे केले. बाह्या ओल्या होत्या. खारट वास होता. आणि माप बरोबर त्याचंच होतं. 'कितीदा टांगून ठेवला तुमच्यासाठी,' मागचा आवाज म्हणाला. 'बुडालात तेव्हापासून.'"

नळातून पाणी वाहत होतं. तेवढाच आवाज होता. मेविसचे डोळे मिटलेलेच होते, पण पापण्यांखाली बुबुळं हलत होती. गळ्याशी बांधलेल्या केपच्या बाहेर आलेल्या तिच्या हाताने खुर्चीची कड घट्ट पकडली होती आणि मनगटापासून कोपरापर्यंत काटा उभा राहिला होता. एकेक लव वेगळी दिसत होती. थेल्मा बघत राहिली. तिच्या बोटांत साबणाचा फेस थांबला.

मेविसने डोळे उघडले.

"पाणी गार आहे गं," ती म्हणाली.

थेल्माने मनगट नळाखाली धरलं. दुकानातला बॉयलर जुना होता. त्याच्या मनात येईल तेव्हा तापायचा, मनात येईल तेव्हा निवायचा. पाणी धड गरम नव्हतं, धड गार नव्हतं. तिने हात तिथेच धरून ठेवला, मग दुसरा धरून पाहिला. आता जरा गार वाटत होतं, आणि मघाशी कसं होतं ते काही केल्या आठवेना.

"सॉरी हं," ती म्हणाली आणि गरम पाण्याचा नळ आणखी सोडला. तोवर मेविसने हात केपच्या आत ओढून घेतला होता.